सरड्याला केलेला आग्रह

बाळांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, "आजी, तू खरंच किडे हातात धरतेस?" मी उत्तर देण्याआधीच आजोबांनी फोन ओढून घेतला आणि मी घरात मगर पाळली आहे, तिला रोज परातभर किडे वाढते, असं तिखटमीठ लावून सांगितलं. तुम्ही हसलात, मीही हसले. पण आपल्या घरात एखादी गोष्ट तीनदा सांगितली गेली की चौथ्यांदा ती ओळखू येत नाही. अजून वर्षही झालेलं नाही आणि माझी नोंदवही हाताशी आहे, तोवर जसं घडलं तसं लिहून ठेवते. आईला वाचून दाखवायला सांगा, आणि अडेल तिथे तिला थांबवा.

तुमच्या ब्रिस्बेनला हा प्राणी म्हणे लोकांच्या कुंपणावर ऊन खात बसतो. बारामतीत कुंपणावर बसतो तो आपला साधा सरडा. हा त्याचा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद. गळ्याखाली काटेरी दाढी असते, आणि घाबरला किंवा रागावला की ती फुगून काळी होते. तुमच्या आत्याने पुण्यात रीतसर कागदपत्रं करून त्याचं पिल्लू घेतलं, आणि पंधरा दिवसांत तिच्या कंपनीने तिला चार महिन्यांसाठी चेन्नईला धाडलं. दिवाळीनंतरच्या रविवारी ती आपल्या दारात गाडीतून उतरली ती काचेची मोठी पेटी, दोन दिवे आणि भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घेऊन. पेटीत माझ्या तळहातावर मावेल एवढं ते पिल्लू होतं. डब्यात रातकिडे होते, जिवंत, अंड्यांच्या ट्रेच्या तुकड्यांवर दाटीवाटीने बसलेले.

आपल्याकडे अंडंसुद्धा येत नाही. आजोबा डब्यात डोकावून म्हणाले, "आधी ट्रे आले, मागोमाग जनावरं आली. आता भिगवणहून मासळीची पाटी आली की झालं."

"बाबा, तुम्हाला नाही खायला सांगितलं."

"घरात आलेलं कधी ना कधी आमटीत येतंच."

आत्याने चार पानांच्या सूचना आणल्या होत्या, इंग्रजीत टाइप केलेल्या, मुद्द्यांना क्रमांक घातलेल्या. मी लाल पेन्सिल घेऊन दोनदा वाचल्या. आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, आणि प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांचे गुण कापताना माझा हात कधी थरथरला नाही. दिव्याखालची जागा खूप तापलेली हवी आणि पेटीचं दुसरं टोक गार. किडे दिवसातून तीनदा, कॅल्शियमची पूड लावून, दहा मिनिटांत खाईल तेवढेच. सोबत बारीक चिरलेला पाला. पहिला आठवडा हात लावायचा नाही, गर्दी करायची नाही. सहावा मुद्दा होता, न खाल्लेले किडे लगेच काढून घ्यावेत. त्याच्याखाली मी रेघसुद्धा मारली होती.

निघताना आत्या पायऱ्यांवर थांबली. "आई, एवढी लहान असतात तेव्हा आठवडा दीड आठवडा उपाशी राहिली तर टिकत नाहीत." मग खाली बघून म्हणाली, "याच्या आधीचं पिल्लू माझ्या हातून गेलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं." आत्या कशी आहे तुम्हाला माहीत आहे, ती सहसा असं काही बोलत नाही. मी म्हटलं, "तू येशील तेव्हा हा असेल." ती गाडीत बसली आणि मला वाटलं, हे आपण भलतंच बोलून बसलो.

पेटी मी दिवाणखान्यात ठेवली, कारण पाहुण्याची जागा तिथेच. त्याला आम्ही पाहुणाच म्हणू लागलो. मग काय, कॉलनी लोटली. लोक तान्हं बाळ बघायला यावं तसे येऊन, चहा घेऊन, काचेवर टकटक करून जात. शेजारच्या काकूंनी बाळंतविडा तेवढा आणला नाही. पाहुणा कोपऱ्याला चिकटून, दाढी काळी करून बसे. तिसऱ्या दिवशी मी पेटी मागच्या खोलीत हलवली, तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलं, आणि काकूंना सांगितलं की बाळाला दृष्ट लागते. त्यावर त्या लगेच समजल्या. 

खोलीत शांतता झाल्यावर तो दिव्याखालच्या लाकडावर येऊन बसला आणि त्याने दोन रातकिडे खाल्ले. खाल्ले हे मला मागाहून कळलं. मी डबा पालथा करायची आणि भिंतीकडे तोंड करून शंभर आकडे मोजायची. किसलेला लाल भोपळा, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाकळी असं सगळं मी सुंदर मांडलं होतं. त्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी दहा किडे सोडले होते, त्यातले आठ उरले. काढायला म्हणून चिमटा हातात घेतला आणि हात पुढे जाईना. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एक गोष्ट अंगात मुरलेली आहे. पोर अर्धपोटी झोपलं तर त्याच्यापुढून ताट उचलायचं नाही, झाकून ठेवायचं. भूक लागली की उठून खाईल. तुमच्या बाबांनी असं कितीदा खाल्लं आहे. मी चिमटा ठेवून दिला आणि दिवा बंद केला.

पण आमटीभात माणसाला चावत नाही. सकाळी दिवा लावून पाहिलं तर दोन रातकिडे त्याच्या शेपटीवर बसले होते. टोकाशी कातडी सोललेली, मागच्या एका बोटालाही जखम. तो लाकडाखाली डोळे मिटून पडला होता. सूचना वाचून, खाली रेघ मारून मी हे केलं होतं.

त्यानंतर तो रातकिडा दिसला की पळू लागला. काचेवर पाय घासत वर चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. केकचं पीठ मोजायच्या वजनकाट्यावर मी त्याला रोज वाटीत बसवून तोलत असे. अठरा ग्रॅम होता, त्याचा सतरा झाला, मग सोळा. आत्याला दोन दिवस मी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं.

"आई, सहावा मुद्दा वाचला नव्हतास?"

"वाचला होता."

एखाद्या विद्यार्थ्याने मला हे उत्तर दिलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते आठवून माझे कान गरम झाले.

तिने माझ्याकडून जखमेचा फोटो मागवून पुण्याच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोनवरूनच दाखवला. त्यांनी मलम सांगितलं आणि म्हणाले, त्याला आता मऊ, हळू चालणारा, न चावणारा किडा द्या. शेतातले नाकतोडे नकोत, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. रेशमाच्या अळ्या मिळाल्या तर सगळ्यात उत्तम.

"आता रेशमाच्या अळ्या कुठून आणू?" मी म्हटलं.

आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सगळ्या इंदापूर तालुक्यात उसाच्या शेजारी तुती उभी आहे आणि ही विचारते कुठून."

माझी एक जुनी विद्यार्थिनी इंदापूरच्या अलीकडच्या एका गावात दिलेली आहे. घरचा ऊस आहे, आणि चार वर्षांपासून ती रेशीम करते. तिला फोन लावला.

"या की बाई! सरड्यासाठी? सरड्यासाठीच म्हणलात न्हवं?" तिने तीनदा विचारून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. घराच्या मागे अळ्यांची लांबट शेड, चारी बाजूंनी जाळी, दाराशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं, आणि घमेल्याशेजारी स्टुलावर बसलेली तिची सासू. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत प्रवेश नव्हता.

"ताई, पाय बुडवून या. पावडर, अत्तर काय लावलंय का?"

"नाही."

मग तिने आजोबांकडे पाहिलं. "तात्या, तुमी हितंच थांबा. तंबाखूवाल्याला आत सोडत न्हाय. वासानं मरत्यात त्या."

"मी तंबाखू खात नाही," आजोबा म्हणाले.

"मंग खिशातली डबी कुणाची?"

बाळांनो, आजोबांनी तंबाखू सोडल्याला सात वर्षं झाली होती. निदान माझ्या वहीत तशी नोंद आहे. ते वळून उसाकडे बघत उभे राहिले आणि मी बाहेर येईपर्यंत तसेच उभे होते.

आत एकावर एक कप्पे, कप्प्यांत तुतीची पानं, आणि पानांवर बोटाच्या पेराएवढ्या हजारो पांढुरक्या अळ्या. वर्गात सगळी मुलं एकदम पेपर लिहायला लागली की जशी बारीक खरखर होते, तसा आवाज भरून राहिला होता. विद्यार्थिनी हलक्या आवाजात सांगत होती, "अजून ल्हान हायत. कात टाकाय बसल्या की आमी मोठ्यानं बोलत बी न्हाय."

सासूबाई मागून आल्या. "कशाला पायजेत म्हणं?"

विद्यार्थिनी छपराकडे बघू लागली. मीच सांगितलं. त्यांनी हातातली पानांची पाटी खाली ठेवली.

"पोरींवानी जपायच्या, आन सरड्याच्या तोंडात द्यायच्या?"

"मलाही ते आवडत नाही," मी म्हटलं. "आमच्या घरी मुंगीसुद्धा मारत नाहीत." हे मी जरा ताठ मानेने म्हटलं असावं, कारण म्हातारी एकदम हसली.

"रेशमी लुगडं हाय का घरात?"

"आहेत."

"किती?"

"सहा."

"मंग ती काय हेंनी आपल्या हातानं इनून धाडली तुमाला? कोष उकळत्या पाण्यात टाकत्यात, ताई. आन टाकत्यात तवा ही आतच असती."

"आई, गप बसा की," विद्यार्थिनी पुटपुटली. "त्या माज्या बाई हायत."

"तुज्या बाई हायत, मंग त्यास्नी ठावं असंल की."

ठाऊक होतं. एका धड्याच्या वेळी मी ते फळ्यावर लिहूनही दाखवलं होतं. पण गौरीच्या दिवशी साडीची घडी उलगडताना ते कधी मनात आलं नव्हतं.

म्हातारीने खाली ठेवलेली पाटी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "देते. वाढीत मागं राहिलेल्या देते. सगळ्या एका येळंला पिकून कोष कराय पायजेत, म्हणून त्या तशाबी काढाव्या लागत्यात. पण तुमी सोताच्या हातानं भरवायच्या. डबा पालथा करून तोंड फिरवायचं न्हाय." मी भिंतीकडे तोंड करते हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. निघताना विद्यार्थिनीने ओल्या फडक्यात गुंडाळून तुतीची जुडी दिली. परतीच्या वाटेवर तंबाखूचा विषय मी काढला नाही. आजोबांनी काढला, लासुर्ण्याच्या पुढे, आपणहून. तो इथे लिहीत नाही.

घरी आल्यावर एक अळी बोटावर घेतली. गार होती, मऊ होती, आणि तिचे इवलेसे पाय बोटाला धरून होते. करंजीला पिठीसाखर लागावी तशी कॅल्शियमची पूड लावली आणि हात पेटीत घातला. पाहुणा लाकडाखालून बघत राहिला. हाताला मुंग्या आल्या, तो हलला नाही. दुपारीही नाही, संध्याकाळीही नाही. प्रत्येक वेळी मी अळी परत पानावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा पंधरावर आला. त्याच्या कंबरेची हाडं दिसत होती. आत्याचा फोन वाजत होता, मी उचलला नाही.

दिवा लावून तासभर झाल्यावर, त्याचं अंग नीट तापल्यावर, मी पुन्हा पाटावर बसले. आजोबा दारातून म्हणाले, "आग्रह करू नकोस. नुसती बस." म्हणून नुसती बसले. अळीने मान वर करून हवेत इकडेतिकडे हलवली. पाहुण्याने डोकं तिरकं केलं. दोन पावलं आला, थांबला, आणखी एक पाऊल आला. मग काहीतरी चिकट बोटाला लागून गेलं आणि बोटावरची अळी नव्हती. मी तोंड फिरवलं नव्हतं. सगळं पाहिलं, चावताना पाहिलं, गिळताना पाहिलं.

दुसरी दिली, ती घेतली. तिसरी घेतली. चौथी समोर धरली तेव्हा त्याने डोळे मिटले. मी क्षणभर थांबले. एकच तर होती, तिथेच ठेवली असती तर ती काही चावली नसती. पण मी ती उचलली आणि तुतीच्या पानावर नेऊन ठेवली. मग आत्याला फोन लावला.

"तीन," मी म्हटलं.

"तीन काय?"

"तीन खाल्ल्या. चौथी काढून घेतली."

"काढलीस?" तिने विचारलं, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, उद्या चार देऊन बघ."

शेडमधल्या अळ्या कोषात गेल्या तोवर तो बावीस ग्रॅम झाला होता. मग पुन्हा रातकिडे सुरू केले, चिमट्याने, एकेक करून, मोजून. पहिले काही दिवस तो बिचकला, मग विसरला. मी विसरले नाही. मार्चमध्ये आत्या परतली आणि पेटी उघडून जमिनीवर बसून राहिली. तो तिच्या हाताच्या पंजाहून लांब झाला होता. तिची फिरती अजून संपलेली नाही, त्यामुळे त्याला तिने इथेच ठेवलं आहे. आजोबा रोज सकाळी दिवा लावतात आणि तो आपल्यालाच ओळखतो असं सांगतात.

शेपटीचं टोक वाळून गळून गेलं. या जातीला ते परत येत नाही. बाकी तो सगळा आहे, मागच्या खोलीत, खिडकीपाशी, आणि सकाळी नऊला जेवतो.