अर्धवटाचा लॉगिन

आमच्या ऑफिसात कागद साठायचे तसेच किस्सेही साठायचे. फरक एवढाच, की कागदांवर 'गोपनीय' असा शिक्का असायचा आणि किस्से अख्ख्या मजल्याला पाठ असायचे!

देशाच्या सायबर सुरक्षा धोरणाचा मसुदा लिहिणारा एक कक्ष पुण्यात होता. हिंजवडीत नव्या कंपन्यांचे बोर्ड लागत होते, तेव्हाची गोष्ट. प्रमुख करमरकर साहेब, निवृत्तीला टेकलेले. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून तो चालूच न करणारे. टायपिंगला शिंदेबाई. आणि तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलेला मी, सहा महिन्यांच्या कंत्राटावर तांत्रिक सहायक.

* * *

रुजू होताना 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात मी लिहिलं, 'इंजिनिअरिंग अर्धवट'. साहेबांनी 'इंजिनिअरिंग' खोडलं.

"ते झालेलं नाही ना? मग जेवढं आहे तेवढंच लिहा!"

तेव्हापासून फाइलीत मी नुसता अर्धवट.

* * *

मसुद्यात मी कलम घातलं, पासवर्ड दर महिन्याला बदलावा. साहेबांनी पेनने जोडलं, 'सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने'.

झालं! पहिल्या तारखेला सगळ्यांचे नवे पासवर्ड एका कागदावर टाइप होऊन 'मान्यतेस्तव सादर' झाले. शिंदेबाईंचा नामंजूर होऊन परत आला. शेरा होता, 'शुद्धलेखन तपासावे.'

* * *

सर्व्हरच्या खोलीला मी कुलूप मागितलं. साहेबांनी पाटी दिली.

'आत गोपनीय माहिती आहे. उगाच डोकावू नये. दार उघडेच असते, ढकलू नये.'

* * *

मग मला भगदाड सापडलं. कुठल्याही सायबर कॅफेत बसून, लॉगिन नसतानाही, आमच्या सिस्टिममध्ये शिरता येत होतं. मसुदा तिथेच, पासवर्डही तिथेच. साहेबांना शिरून दाखवलं.

"अहो, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"मग अधिकृत कसं मानायचं?"

भगदाडाबद्दल मी लिहून दिलेली टिप्पणी परत आली. 'पदवीधराच्या सहीने फेरसादर करावी.' माझ्या मुदतवाढीचा अर्ज त्याच फाइलीत होता. त्यावर शेरा, 'पदवी जोडलेली नाही. नामंजूर.' साहेबांच्या पिढीला चोराची भीती वाटत नाही, बिनसहीच्या कागदाची वाटते.

शिंदेबाई म्हणाल्या, "अरे, परीक्षेला बस की. दोनच वर्षं तर राहिलीत."

"तोवर ते भगदाड?"

"ते काय पळून जातंय?"

* * *

शेवटच्या दिवशी पत्र हातात पडलं. 'संबंधिताचा लॉगिन तात्काळ बंद करावा व संबंधिताने तसा अहवाल स्वतःच्या लॉगिनमधून सादर करावा.' लॉगिन बंद करता येणारा माणूस ऑफिसात एकच. तोच संबंधित! बंद केला, डबा उचलला आणि वाघोलीला घरी आलो.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन.

"अहो, तुमचा अहवाल कुठाय?"

"साहेब, माझा लॉगिन बंद आहे."

"मग चालू करा, अहवाल पाठवा आणि परत बंद करा! एवढंही सांगावं लागतं?"

नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. त्याच भगदाडातून शिरलो. लॉगिन चालू केला, अहवाल पाठवला, परत बंद केला.

घरी पोचतोय तोवर पुन्हा फोन.

"मिळाला. आता कसं! सिस्टिम एकदम सुरक्षित."