जेवलास का, तुर्कीत आणि ख्मेरमध्ये

तुम्हाला वाटेल, तुर्की आणि ख्मेर भाषा तोलून दाखवणारा माणूस चष्मेवाला प्राध्यापक असणार. नाही राव, तो आमच्या पिंपरीच्या कारखान्याच्या गेटवरचा म्हातारा वॉचमन होता. पहिल्या महायुद्धात तो तुर्कांच्या कैदेत होता, आणि आता, १९५५ साली, त्याचा मुलगा युद्धबंदीवर देखरेख करायला गेलेल्या आपल्या पलटणीबरोबर कंबोडियात, ख्मेर बोलणाऱ्यांत होता.

मिशी पुसत तो सांगायचा, "तुर्क आपल्यागत बोलतो, भाकरी खाल्लीस का. येमेक येदिन मी? पोराकडं उलटं, खाल्लास का भात. ञाम बाय?"

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर त्याच्याच घोगऱ्या आवाजात ओरडलो, "येमेक येदिन मी?" पोरं हसली. तो मात्र टोपी काढून उभा राहिला.

"येदिम, जेवलो," म्हणाला. "चाळीस वर्षांत कुणी इचारलं न्हाई. आता पोराचं इचार."

"ञाम बाय?" मी हळूच विचारलं.

तो टोपी हातात फिरवू लागला. "ह्याचं उत्तर त्यानं पत्रात लिवलंच न्हाई. जेवत असंल ना रं?"

"विचारणारं कुणीतरी आहे की तिथं, बाबा."

"व्हय. आन् तू जेवलास?"

नाही म्हणालो, आणि तो भडकलाच.

"माकडा, सुट्टी संपत आली आन् डबा तसाच? दुनियेला इचारत फिरतोस. बस हितं, गप खा."