निंबाला विचारलं तेव्हा

कडोदऱ्याच्या पुढं एक वीजघर आहे. आसपासच्या कापड गिरण्यांना तिथून वीज जाते. तिथल्या इंधनाच्या यार्डात निंबा अकरा वर्षं ट्रक उतरवून घेतोय. कोळशाबरोबर थोडा शेतातला टाकाऊ मालही जाळायचा, असा सरकारचा दंडक. म्हणून कापसाची पऱ्हाटी, उसाचं पाचट, तूस दाबून केलेल्या मनगटाएवढ्या कांड्या येतात. हिरवं झाड तोडून त्याच्या कांड्या करायच्या नाहीत, हेही त्याच दंडकात लिहिलंय. लिहायला कुणाचं काय जातं!

निंबाची स्वतःची एक तपासणी होती. प्रयोगशाळेत ओलावा, राख, उष्णता सगळं मोजतात. कांडी कशाची आहे, ते मात्र कुणी बघत नाही. निंबा ट्रकच्या तळाची कांडी काढून पाण्याच्या बादलीत टाकी. घटकाभरात ती फुगून सुटी होई. पऱ्हाटीची असली तर तांबूस साल वर येई, सोबत एखाद्या बोंडाचं टरफलही. शिंदखेड्याकडच्या त्याच्या गावी आई चुलीत पऱ्हाटीच घाली. त्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण गेली काही वर्षं बादलीत बहुतेकदा लाकडाचा पिवळट भुसा आणि बाभळीची काळी साल दिसे. वरून कीर्तन, आतून तमाशा. खरी पऱ्हाटी ट्रकच्या वरच्या थरात तेवढी.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो सुपरवायझर चेतनभाईकडं धावत गेला होता.

"निंबाभाई, कागळ बराबर छे ने? तो पछी शुं?" चेतनभाईनं मान वर न करताच गुजरातीत विचारलं. कागद बरोबर असले की त्याचं भागत होतं.

निंबा तीनदा गेला. चौथ्यांदा पाय उचलेना. मग तोही पावतीवर 'पऱ्हाटी' लिहून सही ठोकायला शिकला. चिडायचंही एक वय असतं, ते सरलं. दर सहा महिन्यांनी सरकारी तपासणी येई, एसीत बसून फायली चाळी, चहा-खमण खाऊन जाई. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! यार्डाकडं कुणी फिरकत नसे. कोसाडच्या आपल्या भाड्याच्या खोलीत जेवताना तो बायकोला, प्रमिलाबाईला म्हणे, "एक डाव माले कोनी इचारू तं दे. समदं सांगी दिसू." एवढ्या एका गोष्टीवर त्यानं स्वतःला भला माणूस म्हणवून घेतलं होतं.

आणि परवा तपासणीला आली ती एकटी मॅडम, तिशीतली. फायलींना हात न लावता सरळ यार्डात. कोठाराच्या चाव्या आणायला चेतनभाई ऑफिसकडं पळाला. यार्डात दोघंच उरली. मॅडम बादलीपाशी उकिडव्या बसल्या, त्यांनी फुगलेला भुसा बोटांनी चाळला आणि वर बघून हळू आवाजात विचारलं, "काका, सच बताइए, ये माल किस चीज़ का है?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा. आणि त्यांचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच निंबाच्या तोंडून निघालं, "पऱ्हाटी. कपास की लकड़ी, मॅडम."

ना भीती होती, ना कसली लालूच. चेतनभाई आसपासही नव्हता. रोज पावत्यांवर तेच तेच लिहून जिभेला वळण पडलं होतं, एवढंच. मॅडमनी पुन्हा एकदा भुशाकडं पाहिलं. बाभळीची साल त्यांना ओळखू येत नसावी. शहरात वाढलेल्या बाईला कुठून येणार? त्यांनी वहीत लिहिलं आणि उठल्या. निंबाला हाक मारायची होती. पण म्हणायचं काय? आत्ताच खोटं बोललो, असं? तेवढ्यात चेतनभाई चाव्या घेऊन आलाच.

संध्याकाळी हातपाय धुताना त्यानं प्रमिलाबाईला सांगितलं, "आज तपासनीवालीनी माले इचारं. माल कसाना शे म्हने."

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. चेहरा उजळला. "मंग? सांगं ना तुमी समदं?"

निंबा भिंतीला टेकून बसला. फार दमला होता.

"हां," तो म्हणाला. "सांगं."

"बरं व्हयनं," म्हणत तिनं त्याच्या ताटात एक भाकरी जास्तीची वाढली. त्यानं ती सगळी खाल्ली.