शेगड्या उलट्या करून बघणारी नोएलीन

"आधी खाली बघ."

नोएलीन ट्रास्कच्या तोंडी हे शब्द दिवसातून दहा वेळा तरी यायचे. कुणी जुनी मोटार घ्यायला निघो, कुणी घर, कुणी आईसाठी आरामखुर्ची, तिचा सल्ला ठरलेला. एकदा गावच्या पाद्र्याने तिला चर्चची नवी लाकडी कमान मोठ्या कौतुकाने दाखवली. "कमान छान आहे," ती म्हणाली, "पण आधी खाली बघ." पाद्री वाकला. खांबाच्या बुडाला वाळवी लागली होती. तेव्हापासून पोर्ट हॅलममध्ये तिच्या बोलण्याला कुणी हसत नसे. निदान तिच्या तोंडावर तरी नाही.

पोर्ट हॅलमचा कचरा डेपो एका उघड्या माळावर आहे. एका अंगाला गव्हाची रानं, दुसऱ्या अंगाला समुद्र. दोन्हीकडचा वारा तिथे येऊन भांडतो. एकोणीस वर्षं नोएलीन त्या भांडणात उभी होती. त्याआधी ती मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर रानोरान फिरून तीस-तीस माणसांचा स्वयंपाक करायची. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तिने डेपोची नोकरी धरली. लोक म्हणाले, बिचारी, कचऱ्यात गेली. तिला मात्र तिथे आल्यावर एकेक वस्तू वाचायची ओढ लागली. वस्तू का मेली, कशी मेली, कुणाच्या हाताने मेली, हे तिला कळून घ्यायचं असे.

सगळ्यांत जास्त ओढ होती अंगणातल्या गॅसच्या शेगड्यांची. या गावात घराला एक वेळ छत नसेल, पण मागच्या अंगणात बार्बेक्यूची शेगडी असतेच. रविवारचं दुपारचं जेवण तिच्यावरच होतं. अशी एखादी शेगडी डेपोत आली की नोएलीन तिला दोन पिंपांवर उलटी घालायची आणि लोकर कातरणारा मेंढी धरतो तशी गुडघ्यांत धरून तपासायची. कुजलेले बर्नर तिच्या शेडमध्ये तारेवर टांगलेले असत, वाळत घातलेल्या मासळीसारखे.

या देशात फादर्स डे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लिओनी हॉलिक तिच्याकडे आली. लिओनी शाळेत शिकवायची. हातात दुकानाचं रंगीत पुस्तक, डोळ्यांखाली जागरण.

"नोल, मला एक शेगडी सांग. वीस वर्षं टिकेल अशी. पैशाचं बघू नकोस."

"कुणासाठी?"

"डॅडसाठी. पुढच्या रविवारी फादर्स डे आहे."

नोएलीन गुडघ्यांतली शेगडी सोडत म्हणाली, "क्लेमला शेगडी? त्यापेक्षा मला सरळ इथेच आणून दे. मधला हेलपाटा वाचेल."

लिओनी हसली नाही. तिचा बाप क्लेम हॉलिक चाळीस वर्षं समुद्रात शेवंडी पकडायची होडी चालवून आता घरी बसला होता. त्याच्या तीन शेगड्या नऊ वर्षांत गंजून डेपोत आल्या होत्या. पहिली लिओनीने दिलेली, दुसरी दोघा भावंडांनी मिळून, तिसरी तिचा भाऊ डॅरिल याने एकट्याने. ती तिसरी कुजली तेव्हा क्लेम भरल्या टेबलावर म्हणाला होता, "बापासाठी आणायचं म्हटल्यावर स्वस्तातलंच आणणार." डॅरिलने हातातलं ताट खाली ठेवलं, गाडी काढली आणि गेला. त्याला आता अकरा महिने झाले. तो चार गल्ल्या सोडून राहत होता, पण रविवारी यायचा बंद झाला.

"अर्धे पैसे तो देतोय," लिओनी म्हणाली. "पण येणार नाही. म्हणाला, हीसुद्धा गंजणार आणि ऐकून मलाच घ्यावं लागणार. नोल, ही गंजली तर तो पुन्हा कधीच त्या टेबलावर बसायचा नाही. डॅडचा स्वभाव तुला माहीत आहे. आणि डॅरिल त्याचाच मुलगा."

नोएलीन उठली. शेडच्या मागून तिने तीन सांगाडे ओढत आणले. तिने ते मोडले नव्हते. का मोडले नाहीत, ते तिलाही नीटसं सांगता आलं नसतं. पण डोक्यात एक किडा वळवळत होता.

"हे बघ. खारा वारा लोखंड खातो तो बाहेरून. आधी समुद्राकडची बाजू, मग मागची. इथल्या प्रत्येक शेगडीवर तुला तेच दिसेल. या तिघींचं उलटं आहे. बाहेरून बऱ्या, आतून कुजलेल्या. झाकणाच्या आतले स्क्रू बघ. ट्रे बघ, वरून खाल्लाय. हे समुद्राचं काम नाही."

"मग कुणाचं?"

"तेच मला कळत नाही." तिने खिशातलं लोहचुंबक काढून तिसऱ्या सांगाड्याला लावलं. ते चिकटलं नाही, घरंगळून खाली पडलं. "ही डॅरिलची. चुंबक धरत नाही, म्हणजे चांगलं स्टेनलेस स्टील, तेही जाड. तवा ओतीव लोखंडाचा. तिघींत सगळ्यांत भारी."

"म्हणजे स्वस्तातली नव्हती?"

"असली शेगडी मी माझ्या पगारात घेतली नसती."

लिओनी त्या कुजक्या सांगाड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि आत्ताची? आत्ताची तर त्यांनी तुझ्याच शेडमधून नेली."

"म्हणूनच मला झोप नाही," नोएलीन म्हणाली. "ती मी स्वतः उलटी करून, खात्री करून दिली होती. आठ महिन्यांत तिचाही एक बर्नर गेला म्हणे."

शनिवारी दोघी मोठ्या गावच्या दुकानात गेल्या. नोएलीनने ओळीतल्या शेगड्यांच्या झगमगत्या झाकणांकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ फरशीवर पाठ टेकून आडवी झाली आणि पहिल्या शेगडीखाली सरकली. विक्रेता धावत आला.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"मला बरं आहे. तुझ्या शेगडीला नाही. हिच्या पायाचा पत्रा कागदासारखा वाजतोय."

एकामागून एक ती पाच शेगड्यांखाली शिरली. लिओनी आपण हिच्यासोबत आलोच नाही असं दाखवत कोळशाच्या पिशव्या वाचत उभी होती. सगळ्यांत महागडीला सहा बर्नर, आत दिवे, बाजूला बाटल्या थंड ठेवायचा कप्पा. नोएलीन म्हणाली, "ही नवरदेव आहे, नवरा नाही." शेवटी तिने चार बर्नरची एक बसकी, ठेंगणी शेगडी निवडली. झाकण जड. बर्नर दोन स्क्रूंनी निघणारे. चाकं रबरी, आस जाड.

"हिचे बर्नर सुटे मिळतात?" तिने विचारलं.

"मिळतात."

"आत्ता दाखव."

विक्रेत्याने आतून आणून दाखवला. नोएलीन समाधानाने उठली आणि पाठीवरची धूळ झटकत लिओनीला म्हणाली, "हीच. पण पैसे आज देऊ नकोस. उद्या मी तुझ्या बापाकडे जाऊन येते. काय होतंय ते कळल्याशिवाय ही शेगडी त्या अंगणात पाठवणं म्हणजे कोकराला कोल्ह्याकडे पाठवणं."

रविवारी दुपार कलल्यावर ती क्लेमच्या अंगणात गेली. लिओनी आणि तिची पोरं जेवून नुकतीच गेली होती. शेगडीवरून अजून चरबीचा आणि कांद्याचा वास येत होता. क्लेम खुर्चीत बसला होता, उंच, हडकुळा, हातांवर दोरांचे जुने वळ.

"डेपोवाली माझ्या घरी?" तो म्हणाला. "अजून मेलो नाही मी."

"तुला नाही न्यायला आले. जुने दोर असतील तर दे, टोमॅटो बांधायचेत. चहा मिळेल?"

चहा मिळाला. नोएलीन कपाच्या आडून बघत राहिली. क्लेम कधीही काम अर्धवट टाकणारा माणूस नव्हता. पंधरा मिनिटांत तो उठला. त्याने भिंतीवरचा पाण्याचा पाइप उतरवला, नळ सोडला आणि शेगडीचं झाकण उघडून आत धार धरली.

नोएलीनचा कप ओठांपाशीच थांबला.

या गावात शेगडी कुणी धूत नाही. गरम तव्यावर अर्धा कांदा घासतात, तेलाचा हात फिरवतात, झालं. क्लेम मात्र शेगडी होडीसारखी धूत होता. आधी वरून, मग कडेने, मग कोपरे, मग खाली वाकून बर्नरच्या पोटात. चाळीस वर्षं समुद्रावरून आल्यावर त्याने जसं होडीचं मीठ गोड्या पाण्याने उतरवलं होतं, अगदी तसं, एक इंचही न सोडता. मग त्याने ओल्या शेगडीवर जाड ताडपत्रीचं कव्हर चढवलं आणि खालून दोरांच्या गाठी आवळल्या.

"स्वतः शिवलंय," तो म्हणाला. "बाजारातली कव्हरं फडफडतात. या कव्हरातून एक थेंब आत जाणार नाही."

"आणि बाहेर?" नोएलीनने विचारलं.

"काय बाहेर?"

"आतला थेंब. तो बाहेर कुठून जाणार?"

ती उठून आली, एक गाठ सोडली आणि त्याचा हात धरून कव्हराखाली घातला. आत वाफ होती, ऊबदार, ओली, तळहातावर सोडलेल्या श्वासासारखी.

"होडी धुतल्यावर कधी अशी बांधून ठेवली होतीस, क्लेम?"

"होडी वाऱ्यावर असते," तो म्हणाला. बराच वेळ त्याचा हात तिथेच कव्हराखाली राहिला. कुंपणावर एक काळापांढरा मॅगपाय पक्षी येऊन बसला, ओरडला, उडून गेला.

"तिन्ही?" त्याने विचारलं.

"चारही. माझी धरून."

"डॅरिलचीसुद्धा?"

"ती सगळ्यांत चांगली होती. तिला मारायला तुला चार वर्षं लागली."

म्हातारा खुर्चीत बसला. "अकरा महिने मूग गिळून बसलाय पोरगा," तो म्हणाला. "एक शब्द उलट बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलो तरी असतो." मग, "तू सांगशील त्याला? तुला नीट सांगता येतं. स्क्रू वगैरे दाखवून."

"स्क्रूचं मी कधीही दाखवीन," नोएलीन म्हणाली. "ताटावरून तो माझ्या बोलण्याने उठला नव्हता."

बुधवारी संध्याकाळी क्लेम चार गल्ल्या चालत गेला. पुढचं सगळ्या गावाला डॅरिलच्या बायकोकडून कळलं. म्हातारा फाटकाबाहेरच उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "तुझी शेगडी मी मारली. धुऊन धुऊन मारली." डॅरिलला आधी काही समजेना. क्लेमने पाइप, कव्हर, वाफ, सगळं सांगितलं, होडी बुडल्याची खबर द्यावी तसं, काही न लपवता. डॅरिल बराच वेळ फाटकाची कडी हलवत राहिला. मग म्हणाला, "धुतलीस? साबणाने?" क्लेम म्हणाला, "साबणाने नाही. एवढा वेडा नाही मी." तेव्हा डॅरिलला हसू आलं, आणि त्याने कडी काढली.

फादर्स डेला नवी शेगडी अंगणात आली तेव्हा ती खोक्यातच होती. डॅरिल आणि क्लेमने मिळून ती जोडली, नट आवळायचे दोन पाने, चार हात आणि पुष्कळ शिव्या. दोघांपैकी एकानेही सूचनांचा कागद वाचला नाही, त्यामुळे एक चाक उलटं बसलं आणि पुन्हा काढावं लागलं. क्लेमने कव्हरासाठी नवा नियम केला होता: तवा हाताला गार आणि कोरडा लागल्याशिवाय कव्हर नाही, आणि खालून गाठ नाही. तो हा नियम प्रत्येक येणाऱ्याला असा सांगत होता, जणू तो त्यानेच शोधला.

नोएलीनला बोलावलं होतं. ती आली, पावाच्या तुकड्यात कांद्यासकट एक सॉसेज घेतला, उभ्यानेच खाल्ला. लिओनीने खुर्ची पुढे केली.

"बस ना, नोल. मेंढीच्या चापा होतायत."

"नको गं. आज घराघरांत नव्या शेगड्या आल्या असतील. म्हणजे चारला डेपो बंद व्हायच्या आत जुन्या माझ्याकडे येणार. एखादी उलटी न करताच मोडली जायची."

तिने बोटं पुसली, टोपी डोक्यावर दाबली आणि फाटकातून बाहेर पडली. चुनखडीच्या पांढऱ्या रस्त्यावरून ती आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी, पण भरभर, माळाकडे चालू लागली, पुढे काय हाती लागणार आहे या उत्सुकतेने. मागे एकदाही बघितलं नाही. आपल्या शेगडीवरचा 'स्वस्तातली' हा डाग जिने पुसला, तिच्याकडे डॅरिल हातात चिमटा घेऊन कुंपणापाशी उभा राहून बघत होता. ती वळणाआड जाईपर्यंत बघत होता, आणि तव्यावरच्या चापा जळतायत म्हणून बाप मागून ओरडला, तरी त्याने ऐकलं नाही.