रेश्माने भरलेली कॉईल

घोडेगावात पंपाची मोटार जळाली की ती रेश्माकडे येते. मोटारी भरण्याचं दुकान मुळात तिच्या वडिलांचं, कचरूंचं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा रेश्मा एकवीस वर्षांची होती, आणि जळकी तार उपसून नवी भरण्यात तोवर तिचा हात बसला होता. दुकानात बाई बघून सुरुवातीला काही गिऱ्हाइकं पायरीवरूनच माघारी फिरायची. तिने भरलेल्या मोटारी दोन-दोन उन्हाळे टिकायला लागल्या, तशी तीच गिऱ्हाइकं परत आली.

नवरा कल्याण सुतारकाम करतो आणि भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवतो. एका एप्रिलमध्ये, जयंतीच्या कार्यक्रमांच्या धावपळीत, उघड्या टेम्पोत ठेवलेल्या त्याच्या गिटारची मान उन्हाने वाकली. मग त्याने शिसवाची गिटार स्वतःच घडवली. लाकूड जमलं, आवाज जमेना. बेसच्या तारांखाली चुंबकाभोवती गुंडाळलेली एक चपटी कॉईल असते. तारेची थरथर तीच स्पीकरकडे धाडते. बाजारातून आणलेली कॉईल नुसतीच गुरगुरायची. रेश्माने ती उघडून पाहिली.

"ही तर मोटारच हाय," ती म्हणाली. "फक्त फिरत न्हाई."

शिलाई मशिनची मोटार जोडून तिने केसाहून बारीक तार गुंडाळायला घेतली. आठवडाभर तार तुटतच राहिली. मग एक कॉईल पुरी झाली आणि कल्याणला हवा होता तो आवाज निघाला. पुढच्या सहा वर्षांत पुण्याचे वादक शोधत येऊ लागले. लाकूड कल्याणचं, कॉईल रेश्माची.

हाताने बेस घडवणाऱ्यांवर मुंबईचं एक संगीत मासिक लेख करणार होतं. त्यासाठी पार्थ नावाचा तरुण आला. त्याने भुशाने माखलेल्या कल्याणचे फोटो काढले, लाकूड कुठलं, किती वर्षं सुकवलं, सगळं विचारलं. रेश्माने चहा दिला आणि ती दुकानात गेली. तिघांच्या मोटारी खोळंबल्या होत्या. पार्थने कॉईलचं विचारलं नाही, कल्याणने सांगितलं नाही. जाताना तो एक बेस वाजवून बघायला घेऊन गेला.

आठव्या दिवशी त्याचा फोन आला. "कल्याणदादा, बेस मुका झालाय. आमचा दुरुस्तीवाला म्हणतो, कॉईल गेली. कुठल्या कंपनीची आहे? दुसरी मागवतो."

कल्याणने हातातला रंधा खाली ठेवला. "कंपनीची न्हाई," तो म्हणाला. "आमच्या मंडळी भरतात ती." आणि फोन घेऊन दुकानात गेला.

रेश्माने हात पुसले. मुंबईच्या दुरुस्तीवाल्याला व्हिडिओवर कॉईल दाखवायला लावली, मीटर लावायला सांगितलं. मीटरचा काटा हलला नाही, पण कॉईलच्या बाहेरच्या टोकाशी तार तुटलेली दिसत होती.

"तार आत न्हाई तुटली," ती म्हणाली. "प्रवासात हिसका बसला आसंल. बाहेरलं टोक सोडवा. दोन वेढे काढा, वार्निश खरवडा, मग कथलाचा डाग द्या. हळू. ओढू नका."

बेस बोलला. पार्थ म्हणाला, "ताई, त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी लाकडाचं इचारत हुता. लाकडातलं मला काय कळतंय?"

पार्थचा तिला राग नव्हता. संध्याकाळी भाकरी वाढताना ती कल्याणला म्हणाली, "तुमाला सांगता आलं असतं."

"व्हय," तो म्हणाला. "ते फोटो काढाया लागले, मला बरं वाटलं. म्हनून ऱ्हायलं."

पुढचे दोन-तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

त्यानंतर पार्थ पुन्हा आला. या वेळी तो दिवसभर दुकानात बसला. लेख छापून आला तेव्हा चार पानांतलं एक पान रेश्माच्या हातांचं होतं, खाली तिचं नाव. मासिक इंग्रजीतलं. शेजारच्या दिपाली मॅडमनी ते कचरूंना मराठीत वाचून दाखवलं.

"मोटारींचं काय लिवलंय?" कचरूंनी विचारलं.

"एकच ओळ आहे, काका."

"मंग थोडं लिवलंय," ते म्हणाले.

मार्चमध्ये बंगळुरूहून एका वादकाचा फोन आला. त्याला नुसती कॉईल हवी होती, आठ दिवसांत. दुकानाच्या दारात तेव्हा सात मोटारी पडून होत्या आणि शेतात ऊस पाण्यावाचून उभा होता. रेश्माने त्याला मोडक्या हिंदीत सांगितलं की सध्या जमणार नाही, जूनमध्ये फोन करा. फोन ठेवून ती जळकी तार उपसायला बसली.

त्याने जूनमध्ये फोन केला.