डिकीतलं श्रीखंड

ज्या मोटारीत दोनच माणसं मावतात, तिच्यातून श्रीखंड नेऊ नये.

मुलांनो, २००८ साली आम्ही अमेरिकेत मॉरिसव्हिलला तुमच्या सुधीरकाकाकडे राहत होतो. सुधीरने ऑफिसला जायला एक छोटी युरोपियन गाडी घेतली. गाडी कसली, टपावर काच बसवलेला बूट! शेजाऱ्यांच्या पिकअप ट्रकजवळ उभी केली की त्या ट्रकला पिल्लू झाल्यासारखं वाटे.

तुमचे आजोबा रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर. गाडी सुधीरची, पण प्रेमात पडले हे. मला भाजीला नेतानासुद्धा तिचा इतिहास सुरू. घड्याळं विकणाऱ्या एका स्विस माणसाला ही सुचली, जर्मनांनी ती आखली, बांधली फ्रान्समध्ये. आधी दोन माणसांची, मग उघड्या टपाची, मग चार माणसांची. बाहेरून प्लास्टिक, आत अक्रोडाच्या कवचासारखा पोलादी सांगाडा.

आता या गाडीची एक खोड होती. गिअर ती स्वतःच बदलायची, पण बदलताना क्षणभर थबकायची आणि मग पुढे झेप घ्यायची. त्या हिसक्याने माझी मान आपोआप डोलायची. आजोबांना वाटे, हिला पटतंय! सबंध संसारात मी त्यांच्या इतक्या बोलण्याला होकार दिला नव्हता, त्यामुळे त्यांना आणखी जोर चढे. (मी मनात भाज्यांची यादी करत असे.)

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या जेवणाला गोड काय, यावर चर्चा झाली. नागपूरच्या मंदाताई दरवर्षी चक्क्याऐवजी विकतच्या सावर क्रीमचं श्रीखंड आणत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सावर क्रीमच्या गोळ्याला मी श्रीखंड म्हणत नाही."

"मग यंदा तुम्हीच करा ना काकू," मंदाताई गोड हसल्या. "आम्ही पण पाहून घेऊ."

झालं! मी दही रात्रभर फडक्यात टांगलं, चक्का पुरणयंत्रातून काढला, केशर-जायफळ घातलं. डाव उभा राहील असं घट्ट श्रीखंड! मोठा स्टीलचा डबा भरला. सुधीरची व्हॅन मखर, पुऱ्या आणि माणसांनी गच्च भरली होती, म्हणून डबा घेऊन आम्ही दोघं छोट्या गाडीतून निघालो.

"आई, डबा मांडीवर घ्या," स्मिता, माझी सून, व्हॅनमधून ओरडली.

"पैठणीवर? काहीतरीच काय! डिकीत छान सपाट जागा आहे."

आजोबा तेव्हा घरात चष्मा शोधत होते. (तो डोक्यावर होता.)

हायवेवर दोन लेन बंद. तासभर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि आजोबांचं व्याख्यान सुसाट.

"तीनच सिलिंडर, पण आवाज ऐक! आणि इंजिन कुठे बसवलंय, सांगितलंय ना मी तुला?"

गिअर बदलला. माझी मान डोलली.

"शाब्बास! बाकीच्यांना वाटतं, पुढे असेल."

गिअर बदलला. मान डोलली.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "केशराचा काय घमघमाट सुटलाय गं!"

"अस्सल आहे," मी अभिमानाने म्हणाले.

हॉलवर मी सगळ्यांच्या देखत डबा उघडला. आत वाफाळलेलं, पिवळं, पातळ काहीतरी हिंदकळत होतं. वर पाणी सुटलेलं!

मंदाताईंनी डब्यात वाकून पाहिलं. "काकू, तुम्ही कढी पण आणून ऱ्हायल्या का?"

"डबा होता कुठे?" आजोबांनी विचारलं.

"डिकीत."

"अगं, डिकीच्या फळीखालीच तर इंजिन आहे! तू मान डोलावलीस ना?"

जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण स्मिता काय हुशार! तिने बर्फाची पिशवी आणि ताकाचा जग डब्यात रिकामा केला, डाव फिरवला आणि माइकवर जाहीर केलं, "यंदा आईंच्या हातचं पियूष!"

डब्याचा तळ दिसला. मंदाताईंनी तीन पेले घेतले, वर म्हणाल्या, "काकू, रेसिपी द्या ना. नेमकं काय करता?"

मी म्हटलं, "चक्का, साखर, केशर, आणि मंद आचेवर तासभर."

"गॅसवर?"

"नाही," आजोबा म्हणाले, "पेट्रोलवर!"

परतताना ते पहिल्यापासून सगळं पुन्हा समजावू लागले. "आता तरी नीट ऐकशील ना?"

गिअर बदलला.