रहाटावरून किल्ला दिसतो का?

मावशीचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून एका बाईशी हुज्जत घालत होते. मावशी अणदूरला असते, आणि फोनवर हळू बोलायचं असतं हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

"अगं, लाकडी रहाट आलाय जत्रंला! पुढल्या साली येणार न्हाय म्हणतोय रहाटवाला. मोडून लाकडं इकणार हाय. तुझ्या आईला सांग बिगीबिगी!"

मेथी तिथंच राहिली. मेथीवाली मागनं ओरडली, "ओ बाई, घेता का न्हाय?" पण मला कुठलं ऐकू येतंय! मी तिथूनच आईला फोन लावला. आई जळकोटला एकटी राहते. पलीकडून आवाज आला, "उद्या सकाळच्या गाडीनं ये. उशीर केलास तर मी एकटी जाईन."

आता हा रहाट काय आहे ते सांगायला पाहिजे, कारण हल्लीच्या पोरांना लाइटवर फिरणारा, ढणाढणा गाणी वाजवणारा आकाशपाळणाच तेवढा ठाऊक. आमचा रहाट लाकडी. दोन मोठे खांब, मधी कणा, कण्यावर चार आरे आणि आऱ्यांच्या टोकाला चार पाळणे. ना मशीन, ना बटण. रहाटवाला आऱ्यांवर माकडासारखा चढायचा, वरून अंग सोडून लोंबकळायचा आणि त्याच्या वजनानं सगळा रहाट कर्रर्र करत फिरायचा. खालून त्याची बायको ढकलायची. त्या कर्रर्र आवाजावरच जत्रा सुरू झाली असं आम्ही धरायचो.

पण रहाटात आपल्या मनानं बसता येत नसे. समोरासमोरच्या पाळण्यांत सारखंच वजन लागायचं, नाहीतर एक बाजू खाली जाऊन बसणार. म्हणून रहाटवाला जोड लावायचा. रांगेतल्या माणसांना वरून खालून न्याहाळायचा आणि बोट करायचा, "तुमी हिकडं, तुमी तिकडं." पाटलाची सून असो की बाजारातली बोंबीलवाली, वजन जुळलं की जोड. त्याच्यापुढं कुणाचं काही चालत नसे.

आणि याच जोडीत माझे आई-आबा सापडले होते.

लग्न होऊन आई नुकतीच सासरी आलेली. सगळं घर जत्रेला अणदूरला. थोरल्यांसमोर नव्या जोडप्यानं एका पाळण्यात बसायचं म्हणजे शांतं पापं! रहाटवाल्यानं आईकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि दोघांना समोरासमोरच्या पाळण्यांत टाकलं. आबा मेंढरांमागं हिंडून काटकुळे झालेले, आई माहेरच्या दुधातुपानं भरलेली, म्हणून जोड बरोब्बर बसली. झालं! एक वर तर दुसरं खाली, एक खाली तर दुसरं वर. खाली आजी कमरेवर हात ठेवून उभी. आईनं पदर ओढला, दांडा घट्ट धरला आणि डोळे जे मिटले ते रहाट थांबल्यावरच उघडले.

घरी परतताना आबांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "किल्ला बघितलास का?"

"कंचा किल्ला?"

"आता गं! नळदुर्गचा किल्ला! वर गेल्यावर समोर लख्ख दिसत व्हता की!"

"म्या डोळं मिटले व्हते."

"घ्या! एवढा किल्ला समोर, आन् हिनं डोळं मिटले!"

तिथून जे सुरू झालं ते आबा जाईपर्यंत संपलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं, की आबा म्हणायचे, "जिला किल्ला दिसला न्हाय, तिला मीठ काय दिसणार!" सुईत दोरा जाईना, की किल्ला. चष्म्याचा नंबर वाढला, की किल्ला. आई पण काही कमी नव्हती. ती म्हणायची, "अणदुरातनं नळदुर्ग दिसतंय म्हणं! थापा मारायची बी काही रीत असती." त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं. आमचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला राहतो, उरलेला नळदुर्गला. आबा मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "देव हिकडनं तिकडं जातोय, मग माझी नजर जायला काय झालं? दोन कोसांवरचं मेंढरू वळखणारा माणूस हाय म्या."

मग परत बसून बघायचं ना? आम्ही पोरं दर वर्षी मागं लागायचो. आई म्हणायची, "आदी त्यांनी कबूल करावं की थाप मारली, मग बसते." आबा म्हणायचे, "आदी तिनं बसावं, मग बोलावं." दोघंही असली हट्टी, की रहाट येत राहिला, जात राहिला, आणि ही दोघं लांबूनच त्याच्याकडं बघत भांडत राहिली. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आबा गेले. भांडण तसंच अर्धं राहिलं. एकदा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "खरं-खोटं काय ते कळायला पायजे व्हतं गं मला."

म्हणून तर मी मेथी टाकून पळाले!

जळकोटला पोचले तर आई लुगडं नेसून ओट्यावर तयार. टमटममध्ये बसलो. वाटेत नळदुर्ग लागलं. मी म्हणाले, "माय, तो बघ किल्ला. हिथंच उतरू, पाहिजे तेवढा बघ." तिनं मान सुद्धा वळवली नाही. "जवळनं कुणाला बी दिसतोय. मला रहाटातनं दिसतोय का ते बघायचंय."

अणदूरला उतरलो तर दुपार कलायला लागलेली. भंडाऱ्यानं माणसं पिवळीधम्मक, खोबरं उधळतंय, पिपाण्या कोकलतायत आणि मधोमध तो भला थोरला आकाशपाळणा, लाइटा लावून गरगर फिरतोय. मावशी म्हणाली, "अक्का, ह्याच्यातच बस की. लई उंच हाय. किल्लाच काय, सोलापूर बी दिसंल."

आई भडकली. "त्यांनी काय ह्याच्यातनं बघितला व्हता? ज्यातनं बघितला म्हणत व्हते त्यातनंच बघायचा. न्हायतर ती पडताळणी कसली?"

आहे की नाही! आमच्या आईला कोर्टात बसवायला पाहिजे होती.

रहाट पार कडेला, रसवंतीच्या मागं उभा होता. बघितल्यावर मला एकदम रडूच फुटलं, खरं सांगते. हिरवा रंग उडालेला, कण्याला तारा गुंडाळलेल्या, पण तोच! तीच आऱ्यांवर कोरलेली कमळं! रहाटवाला म्हणजे जुन्याचा मुलगा, तोही आता पिकलेला. तो आणि त्याची बायको रिकाम्या पाळण्याजवळ बसून चुरमुरे खात होते. कण्यानं दम धरला तर एवढी जत्रा काढायची, मग मोडायचा, असं त्यानं सांगितलं. मी म्हणाले, "उठा उठा, गिऱ्हाईक आलंय!"

त्यानं आईला वरून खालून न्याहाळलं. मग मला न्याहाळलं. म्हणाला, "मायलेकीची जोड बसती. या."

इथंच तो फसला. आईचं ते नऊवारी, त्यावर शाल, ओच्यात भंडारा-खोबरं. दिसायला बाई केवढी! पण आत माझी आई वाळून काडी झालेली, आणि मी... माझं जाऊ द्या. उरलेल्या दोन आडव्या पाळण्यांत एक नवरा-बायको बसले. आई बसली, मी बसले, त्यानं धरलेला आरा सोडला मात्र, माझा पाळणा धप्पकन खाली आणि आई सर्रर्र करत वर! वर म्हणजे थेट वर, माथ्यावर जाऊन अडकली.

"अगं बाई बाई बाई!" मावशी किंचाळली. रहाटवाला बायकोवर ओरडला, बायको त्याच्यावर. "तुमाला सांगत व्हते, लुगड्यावर जाऊ नका!" मी दांड्याला धरून ओरडले, "माय, घट्ट धर! हलू नको! काढतेत तुला!"

वरून आवाज आला, "काढू नका! थांबा वाईच! बघू द्या मला!"

पलीकडं आकाशपाळण्याची गाणी चालू, आणि हिकडं माझी आई कपाळावर हात धरून नळदुर्गच्या दिशेनं बघतीय. ती बघत राहिली. अंगावर पिवळं ऊन. माझा जीव नुसता खालवर होतोय. दिसू दे रे देवा, असं मी मनात म्हणत होते. आबांचा शब्द खरा होऊ दे.

"पवनचक्क्या दिसतेत!" आईनं वरून जाहीर केलं. "टावर दिसतोय! ऊस दिसतोय!" मग सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं, "किल्ला न्हाय! काई बी दिसत न्हाय! थापाडा माणूस!"

खाली हशा पिकला. मी पण हसले, पण आतून मला कसंसंच झालं. जिंकली खरी, पण ज्याच्यावर जिंकायचं तो कुठाय?

रहाटवाल्यानं आरा ओढून तिला खाली घेतलं. शेजारच्या नारळवाल्यानं आपलं अर्धं पोतं आणून आईच्या पायाशी ठेवलं, आणि जोड बसली. मग फिरला ना रहाट! कर्रर्र कर्रर्र! काय सांगू तुम्हांला, या वयात मी शिट्टी मारली! रहाटवाला आऱ्यावरून लोंबकळतोय, बायको खालून ढकलतीय, नारळ पोत्यात खडखडतायत, मी वर, आई खाली, आई वर, मी खाली.

उतरलो. मावशीनं पाणी दिलं. आई तोंड पुसत म्हणाली, "म्या म्हातारी, मोतीबिंदू झालेली. माझ्या नजरंचं काय खरं न्हाय. तुला तरी दिसला का किल्ला?"

किल्ला? मी किल्ल्याकडं बघितलंच नव्हतं!

"अगं माय, मी कुठं बघतीय किल्ला! मी वर गेले की खाली तू. सारखी तुझ्याकडंच बघत होते, पडतीस का काय म्हणून. दुसरीकडं नजरच गेली नाही."

आई पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिली. तिनं रहाटाकडं बघितलं, वरच्या पाळण्याकडं, मग त्याच्या खालच्या पाळण्याकडं.

"वर गेल्यावर समोरचं माणूसच दिसतंय व्हय," ती म्हणाली. "मंजी त्यांनी किल्ला बघितलाच न्हाय." आणि मग अगदी हळू, "आन् म्या मेली डोळं मिटून बसले व्हते."

मला वाटलं आता रडणार. छे! तिनं तांब्या मावशीच्या हातात कोंबला, लुगडं खोचलं आणि रहाटवाल्याला म्हणाली, "आनिक एकदा बसव."

"माय, आता कशाला? कळलं की सगळं!"

"तू गप बस आन् तिकडच्या पाळण्यात चढ. मला किल्ला बघायचा न्हाय."

चढले. नारळाचं पोतं चढलं. रहाट सुटला आणि मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा खाली वाकून बघितलं. आईनं दांडा सोडून दिला होता. पदर डोक्यावरून पडला होता, तो तिनं सावरला नाही. मान मागं टाकून, डोळे टक्क उघडे ठेवून ती वरच्या पाळण्याकडं बघत होती, आणि हसत होती.